करीम मास्तरांची घंटा

मला समजलं नव्हतं. एवढं एक वाक्य मी वेळेवर बोललो असतो, तर करीमनं कॉलेज सोडलं नसतं.

मंगरूळपीरचा करीम आणि वाशीमचा मी, पुण्याच्या कॉलेजात एकाच वर्षी दाखल झालो. त्याचे वडील दर्ग्याजवळ लुगडी रंगवीत. करीमची नखंही कायम निळसर असत. वर्गात काही अडलं की तो टोपी सारखी करून उभा राही आणि म्हणे, "सर, मले नाही समजलं." बाकांवर हशा पिके. मी महिन्याभरात वऱ्हाडी बोलणं सोडलं होतं. हसणाऱ्यांत मीही असे.

सहामाहीत तो गणितात नापास झाला. माझ्या खोलीवर आला. "खरं सांग गड्या, तुले समजून राह्यलं हे सारं?"

घोकून घोकून मी कसाबसा पास झालो होतो. तरी म्हणालो, "त्यात काय एवढं? सोपं तर आहे."

"मंग माह्यातच खोट हाये," तो म्हणाला. आठवड्याभरात त्यानं ट्रंक बांधली.

वीसेक वर्षांनी शाळा तपासायला मी मंगरूळपीरला गेलो, तर वर्गावर करीम मास्तर! या शाळेतली मुलं नागपूर-पुण्याच्या कॉलेजांत टिकतात, हे मी ऐकून होतो. कशी, ते त्या दिवशी पाहिलं. धडा संपला की काय समजलं नाही हे जो पहिला सांगेल, त्यानं सुट्टीची घंटा वाजवायची. रंगाऱ्याचा असो की पाटलाचा, मान त्याचा. हात वर करायला पोरांची नुसती झुंबड.

"ज्याले नाही समजलं त्यानं बिनधास्त बोलावं," मास्तर मला म्हणाले. "दहा जण त्याच्या मांगं लपून असतात, साहेब. मले हे लय उशिरा कळलं. तिथं पुण्याले वाटे, मी एकलाच हाओ."

त्यांच्या आवाजात कडवटपणा नव्हता. त्यामुळेच मला खुर्चीत बसवेना. मी उठलो, टोपी सारखी केली आणि पोरांसारखाच हात वर केला.

"मास्तर, मलेही नव्हतं समजलं. त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोललो. मले माफ करा."

करीम मास्तर माझ्याजवळ आले. मग घंटेची लाकडी मोगरी त्यांनी माझ्यापुढे धरली.

"लय उशीर केला बे," ते म्हणाले. "घे, वाजव."