झाकलेले पाक मार्वोतो

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या गाणारे होले पाळणाऱ्यांची इंटरनेटवर बैठक भरायची, ते दिवस लास्मीला आजही हवेहवेसे वाटतात. वह्या-पेन्सिलींच्या दुकानात गल्ल्यावर बसून ती बैठकीचा कारभार बघायची. सकाळी कुणी आपल्या होल्याचं गाणं टाकायचं, दुपारपर्यंत चाळीस जणांची वाहवा व्हायची. आणि मग निवृत्त पोस्टमन पाक मार्वोतो, म्हणजे मार्वोतोकाका, उगवायचे. “पक्षी देखणा आहे. आता त्याला गाणंही शिकवा!”

बोलायचे खरं, पण तोंडावर. आम्हा जावाच्या लोकांना ते पचत नाही. तक्रारी वाढल्या. वडीलधाऱ्या माणसाला चालते व्हा म्हणायला लास्मीची जीभ रेटेना, म्हणून तिने त्यांना गुपचूप झाकलं. म्हणजे त्यांचं लिहिणं त्यांना स्वतःला दिसायचं, दुसऱ्या कुणाला नाही. आपण त्यांचा मान राखला, असं तिला वाटलं. वेडी कुठली!

पाक मार्वोतोंना वाटलं, लोक गप्प आहेत म्हणजे नाराज आहेत. आमच्याकडे नाराज माणूस गप्पच बसतो आणि कारण कुणी विचारत नाही. तेही विचारायला गेले नाहीत. उलट सौम्य झाले, ज्याच्यात्याच्या पक्ष्याचं कौतुक करू लागले. लास्मी आधी ते वाचायची, मग दुकानाच्या गडबडीत वाचेनाशी झाली. असे सात महिने गेले.

होल्यांच्या गाण्याच्या स्पर्धेच्या दिवशी मैदानात उंच खांबांवर पिंजरे चढले होते. पाक मार्वोतो तिच्याजवळ आले. फार वाळले होते.

“पोरी, मी इतका का गं वाईट बोललो?”

“नाही हो, पाक! असं काय म्हणता?”

“मार्चमध्ये बायको गेली माझी. तिथे लिहिलं. भांडलेला शेजारीसुद्धा मयताला येतो गं. तिथे एकानेही ‘वाईट झालं’ म्हटलं नाही.”

रडत रडत लास्मीने सगळं सांगून टाकलं. ते वर पिंजऱ्यांकडे बघत म्हणाले,

“म्हणजे त्यांना कळलंच नव्हतं. उगाच राग धरला मी भल्या माणसांवर. तू मला सरळ हाकलायचंस. मी तुला चार शिव्या घातल्या असत्या, आणि दुसऱ्या कुणाला तरी सांगितलं असतं ती गेल्याचं.”

लास्मीने घरी पोचताच त्यांचं लिहिणं उघडं केलं. दोन दिवसांत बासष्ट जणांनी दुखवटा कळवला. तिने उत्साहाने फोन केला.

“पाक, बघा तरी! सगळे तुमची वाट बघताहेत. दोन ओळी लिहा.”

“त्यांना माझे आभार सांग,” ते म्हणाले. “तूच सांग. मी लिहिलेलं त्यांना दिसतंय की नाही, हे मला आता कसं कळणार?”