नीलव्वाची लांब दांड्याची पळी

मुलांनो, मुंगी चावली तर टोचायचं इंजेक्शनचं पेन शाळेत न्यायला माझ्या पणतवाला, मिहिरला लाज वाटते, असं काल फोनवर कळलं. म्हणून हे आजच लिहिते.

निजामाच्या राज्यात मी उमरग्याच्या सरकारी दवाखान्यात नर्स होते. एका सकाळी नीलव्वा नावाच्या बाईला बैलगाडीतून आणलं. तोंड सुजलेलं, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. पोटरीला करकचून दोरी बांधलेली.

"पान लागलंय, बाई," सासू म्हणाली. साप चावला असं तिकडे उघड बोलत नसत.

डॉक्टरसाहेब हैदराबादचे. त्यांनी सापावरची लस काढली. मी लुगडं वर सारलं. दातांची खूण कुठंच नव्हती. घोट्यावर बारीक लाल ठिपके होते आणि अंगभर गांधी उठल्या होत्या.

"सकाळी काय करत होती ही?" मी सासूला विचारलं.

"मुंगळ्यास्नी साखर घालत व्हती. रोजच घालती. मागं चावले तवा बी गांधी आल्या व्हत्या."

"साहेब, साप नाही, मुंगळे आहेत. अॅड्रेनलिन द्या."

"चींटी से कौन मरता है, सिस्टर?"

"ही मरेल."

एखाद्याचं शरीर अशा विषाला एकदा बिथरलं, की पुढच्या वेळी कणभर विषानंही घसा सुजतो, नाडी बुडते. ही अॅलर्जी. सापावरची लस घोड्याच्या रक्तापासून करतात. त्यानंही असं शरीर बिथरू शकतं. ती तिला नको असताना टोचणं म्हणजे नवं संकट. मी औषधांच्या ट्रेसमोरून हटले नाही.

"नाडी बघा, साहेब."

त्यांनी मनगट धरलं. नाडी लागेना. लस खाली ठेवून ते म्हणाले, "दे दो."

मी अॅड्रेनलिनची अॅम्प्यूल फोडली, दंडात इंजेक्शन दिलं. मिहिरच्या पेनात असतं तेच हे औषध. हळूहळू शिट्टी थांबली.

संध्याकाळी नीलव्वा उठून बसली. मी बजावलं, "आता साखर घालणं बंद."

"मंग त्यांनी खायाचं काय?"

"तू मेलीस तर तुझ्या पोरांनी खायाचं काय, ते इचार आधी," सासू म्हणाली.

डॉक्टरसाहेब दारातून ऐकत होते. "लोहाराकडून लांब दांड्याची पळी करून घे. पायात जोडे घाल. दूर से डालो."

गल्लीतल्या बायका त्या पळीला हसायच्या. नीलव्वा हसू द्यायची आणि साखर घालायची. ती पुष्कळ म्हातारी होऊन गेली, मुंगळ्यांमुळे नाही. मिहिर, तुझं पेन म्हणजे तुझी पळी. दप्तरात ठेव.

नीलव्वाची पळी तिच्या नातसुनेकडे उमरग्यात अजून आहे. दांडा एकदा बदललाय. मुंगळ्यांना साखर रोज मिळते.