पूंगोडीचं कुंकू

अरंतांगीच्या बसस्टँडसमोर चेल्लदुरैचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाबारशांचे फोटो काढायची हौस म्हणून उघडलेला, पण पोट भरलं ते मेलेल्यांनी. गावात कुणी डोळे मिटले की प्रेत उचलायच्या आत भिंतीभिंतीवर श्रद्धांजलीचं पोस्टर लागलंच पाहिजे, नाहीतर मुलं नालायक ठरतात. पोस्टरची रीतही ठरलेली. खाली रडणारे नातेवाईक रंगीत आणि वर गेलेला माणूस काळापांढरा. त्याचा रंग काढून घ्यायचं काम चेल्लदुरैचं.

त्यातून गिऱ्हाइकांना मेलेला माणूस गोरा लागतो. जन्मभर उन्हात करपला, आता तरी उजळ दिसू दे म्हणतात. कॉम्प्युटरवर फोटो काळापांढरा करताना लाल रंगाची पट्टी उजवीकडे सरकवली की सावळी कातडी उजळते, पण कपाळावरचं कुंकूही त्यातच विरून जातं. बाई सवाष्ण गेलेली असली तर चेल्लदुरै ते ब्रशने पुन्हा काढायचा.

बायको पूंगोडी, म्हणजे त्याच्या सख्ख्या आत्याची मुलगी, दुपारी डबा घेऊन यायची आणि पडद्यावरच्या म्हाताऱ्या बघून हसायची.

"मला नका हं असलं पीठ फासू. यम म्हणेल, ही कुणाची बाई उचलून आणली!"

"तू कुठे निघालीस एवढ्यात? रस्सम वाढ," तो पडद्याकडे बघतच म्हणायचा.

ती काविळीने गेली. "दाजी, पोस्टर दुसरीकडे करून घेऊ," मेहुणा म्हणाला, पण चेल्लदुरै ऐकेना. दवाखान्यात त्याला तिच्यासाठी काही म्हणता काही करता आलं नव्हतं. निदान शेवटचं एवढं तरी आपल्या हातून व्हावं, असं त्याच्या मनात होतं.

तिचा एकटीचा असा एकच फोटो होता, कुणाच्या तरी लग्नात त्यानेच सहज काढलेला. तो उघडला आणि त्याला चेहऱ्याकडे बघवेना. त्याने मान वळवली आणि सगळं हातावर सोपवलं. हात सराईत. पट्टी सरकली, फोटो मूळ रंगीत फोटोवरच साठवला गेला, पोस्टर छापून निघालं. ब्रश तेवढा राहून गेला.

घरासमोरच्या विजेच्या खांबावर पोस्टर चिकटलं तशी ओसरीवर आक्रोश करणारी पूंगोडीची आई, पेच्चि-आत्या, एकदम थांबली.

"दुरै, ही कोण रे भुताळी? माझी पोर कुठाय? आणि कुंकू? नवरा धडधाकट उभा असताना पांढऱ्या कपाळाची केलीस तिला?"

प्रेताच्या कपाळावर बायकांनी मळवट भरला होता. पण गावभर चिकटलेल्या पोस्टरांवरची कपाळं आता कोण भरणार होतं? तिला तशीच नेली.

भिंतीवरच्या तसबिरीसाठी आत्या दुसऱ्या दिवशी दुकानात आली. राग ओसरला होता, बाई नुसती थकली होती.

"रंगीत काढ बाबा. होती तशी दिसू दे."

त्याने फोटो उघडला. राखाडी. कॅमेऱ्यातला केव्हाच पुसून टाकलेला. गेलेला रंग परत येत नाही, हे या धंद्यात राहून त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी तो कितीतरी वेळ बटणं दाबत राहिला.

"हाताने भरतो मी, आत्या," तो शेवटी म्हणाला. "साडी... हिरवी होती ना?"

"मला काय ठाऊक? फोटो तू काढलास."

"बरं, कुंकवापासून सुरू करू." लाल रंग घेऊन त्याने माऊस कपाळावर नेला आणि तो तिथेच अडकला. दोन भुवयांच्या मध्ये, की जरा वर? टिकली लावायची, की ओलं कुंकू?

"आत्या, केवढं लावायची गं ती?"

म्हातारी त्याच्याकडे बघतच राहिली. "मला विचारतोस? लग्नानंतर माहेरी कितीदा पाठवलीस तिला? तुझ्यासमोर रोज ताट मांडत होती ना रे ती?"

चेल्लदुरैने माऊस सोडून दिला.

"मी बघितलंच नाही गं कधी," तो म्हणाला.