ईशानीचे पहिले ब्रश

दुर्गाघाटच्या गल्लीत सुमेधा आठल्येला सगळेच ओळखत, पण तिच्याशी बोलताना तिच्या चेहऱ्याकडे सरळ बघणारे थोडे होते. शाळेत असतानाच ओठाच्या कडेला पांढरा ठिपका उठला होता. मग डोळ्यांभोवती, मग हातांवर. कोड. इंदूरचं जवळजवळ ठरलेलं स्थळ त्यावरून मोडलं आणि नंतर कुणी विचारायला आलंच नाही. तिने संस्कृतात एम.ए. केलं, मुलींच्या शाळेत शिकवू लागली आणि भावाच्या, वासुदेवच्या, घरी राहिली. आता पंचेचाळिशी उलटली होती.

वासुदेवची मुलगी ईशानी तिच्याच मांडीवर वाढली. लहान असताना ती आत्याच्या गालावरच्या डागांवरून बोट फिरवायची आणि म्हणायची, हा ढग, हा ससा. त्या घरात सुमेधाच्या तोंडाला आपणहोऊन हात लावणारी ती एकटीच.

बी.कॉम. झाल्यावर ईशानीने मेकअप शिकायचं ठरवलं. वासुदेवने कुरकुरत क्लासची फी भरली, पण सामानाचं नाव निघताच म्हणाला, "बोटांनी लागत नाही का ते?" क्लासमधले ब्रश दहाजणींनी वापरलेले; त्यांचे केस गालाला चिकटून राहायचे. ईशानी रोज ते सांगून चिडायची. म्हणून तिच्या वाढदिवसाला ब्रशच द्यायचे, असं सुमेधाने मनाशी ठरवलं.

काजळापलीकडे तिने स्वतःसाठी कधी काही घेतलं नव्हतं. गोदौलियाच्या बाजारात मेकअपच्या दुकानाबाहेर ती बराच वेळ घुटमळली. आत रुची नावाची मुलगी काउंटरवर होती. सुमेधाने चकचकीत डब्यातल्या मोठ्या सेटकडे बोट दाखवलं, तशी ती म्हणाली, "दीदी, सीखने वाली के लिए ये मत लीजिए. आधे तो पड़े रहेंगे." तिने सुटे ब्रश समोर मांडले. फाउंडेशनला हा दाट, पावडरला हा मोठा आणि मऊ, गालांना हा तिरका, डोळ्यांना हे दोन छोटे. एवढ्यावर भागतं. नायलॉनचेच घ्या, स्वस्तही पडतात आणि धुवायलाही सोपे.

सुमेधा शिक्षिकेच्या चिकाटीने एकेक ब्रश पारखत बसली. हाताच्या पाठीवर घासून बघितला, केस गळतात का. दांडा हलवून बघितला, केसांभोवतीची पत्र्याची पट्टी सैल तर नाही. एक टोचला, तो बाजूला ठेवला. त्या मऊ केसांचा स्पर्श तिला आवडला आणि आवडल्याची लाजही वाटली. तेवढ्यात रुचीने एक छोटी डबी पुढे सरकवली. "और दीदी, आपके लिए ये. सब छुप जाएगा."

"मेरे लिए कुछ नहीं चाहिए," सुमेधा म्हणाली आणि ब्रश बांधून घेतले.

ईशानीने ते बघितले आणि आत्याच्या गळ्यातच पडली. मग तिने आईला सजवलं, शेजारच्या देवश्रीला सजवलं, गल्लीतल्या मुली रांगेने येऊन बसू लागल्या. आत्याला मात्र तिने कधी म्हटलं नाही की तू बस. सुमेधाने स्वतःची समजूत घातली, पोरीला वाटत असेल आत्याला वाईट वाटेल. तरी ती खोलीच्या दारापाशी वह्या तपासत बसायची.

हिवाळ्याच्या सुरुवातीला जबलपूरचं स्थळ आलं. मुलगा, शार्दूल, लखनौला बँकेत. मंडळी घरी येणार, त्या दिवशी सकाळी ईशानीची आई, गीतावहिनी, सुमेधाच्या खोलीत आल्या आणि उशीच्या अभ्र्याची टोकं ओढत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "सुमेधाताई, आज ईशानीकडून जरा चेहरा करून घ्या. घराण्यात आहे असं त्यांना वाटायला नको."

त्यांच्या मागे ईशानी होती. हातात ब्रश.

सुमेधा खुर्चीवर बसली. ईशानीने फार जपून काम केलं. ओठांच्या कडेला ती श्वास धरून थांबायची. आरसा पुढे आला तेव्हा त्यात एकसारख्या रंगाची एक बाई होती. देखणी होती. सुमेधा बघतच राहिली. आपल्याला हे आवडतंय, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिने आरसा पालथा ठेवला.

पाहुणे आले, पोहे झाले. मुलाच्या आईला सुमेधा फार आवडली. इतक्या शिकलेल्या, दिसायला इतक्या छान, मग लग्न कसं केलं नाही, असं त्यांनी सहज विचारलं. वासुदेव पंख्याकडे बघत बसला. गीतावहिनी हसून म्हणाल्या, "स्थळं खूप आली हो. ह्याच नको म्हणाल्या. शिकवायचं वेड."

सुमेधाने कपबशा उचलल्या आणि आत गेली. इंदूरचा निरोप आल्यानंतर महिनाभर ती जिन्याखाली झोपली होती, ते वासुदेवला ठाऊक होतं.

लग्न ठरलं. सुमेधाने भावाला सांगितलं की लग्नात ती स्वतःच्या चेहऱ्याने येईल. वासुदेव चिडला नाही. पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, एवढंच म्हणत राहिला. सुमेधाने ईशानीकडे बघितलं. ही तरी बोलेल, असं तिला वाटलं होतं.

"आत्या, एकच दिवस ना," ईशानी म्हणाली. "मी छान करून देईन. कुणाला कळणारसुद्धा नाही."

सुमेधा लग्नाला गेली नाही. तिला ताप आहे असं मांडवात सांगण्यात आलं, आणि ते सांगताना घरच्यांना हलकं वाटलं असावं, कारण परत आल्यावर कुणी तिच्यावर रागावलं नाही. पुढच्याच महिन्यात तिने बालाजी घाटाजवळ एक खोली भाड्याने घेतली. वासुदेवने थांबवलं नाही. लोक विचारतील त्यांना काय सांगायचं, एवढंच त्याने विचारलं.

ईशानी पहिल्यांदा माहेरी आली, तेव्हा एका दुपारी एकटीच आत्याच्या खोलीवर आली. चहा पुढ्यात ठेवला तरी उभीच राहिली. मग तिने दार लोटलं, बाही वर केली आणि कोपराजवळचा एक फिकट डाग दाखवला.

"आत्या, तुझं असंच सुरू झालं होतं का? मी कुणाला सांगितलं नाहीये."

सुमेधाने तिला खिडकीशी नेलं, उजेडात हात धरला, बोट ओलं करून डागावरून फिरवलं. थंडीने फुटलेली कोरडी कातडी होती. खालचा रंग जागच्या जागी होता.

"काही नाही," ती म्हणाली. "तेल लाव."

ईशानीचा चेहरा एकदम उजळला. ती मोठ्याने हसली, "देवा, वाचले," म्हणाली आणि मग आपण कुणासमोर बोललो ते तिला कळलं. तिने बाही खाली केली. घरी वाट बघत असतील, असं काहीतरी पुटपुटत ती जिना उतरून गेली. चहावर साय धरली होती.