नानांचं शुभ मुंगूस

आमच्या नानांना, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावांना, घरातून निघताना मुंगूस दिसलं की दिवस चांगला जाणार याची खात्री. नाही दिसलं तर एरंडोलच्या बाजारालाही जाणार नाहीत, ओट्यावर बसून राहतील. आणि याच माणसाने मुंगसं धरणाऱ्याला आमच्या केळीच्या बागेत फासे लावू दिले!

मी धुळ्याला लग्नाला गेलो होतो. परत येईपर्यंत सगळं उरकलं होतं. मुंगसाच्या केसांचे रंगकामाचे ब्रश करतात, ते केस व्यापारी चोरून विकत घेतात, आणि या सगळ्याला कायद्याने बंदी आहे, हे मी नानांना ओरडून सांगितलं.

"त्यालेबी पोट शे ना," नाना म्हणाले. "आनि मी काय फुकट करू दिधं का?"

फुकट नव्हतंच. बदल्यात त्यांनी पेंढा भरलेलं एक मुंगूस घेतलं होतं आणि दारासमोरच्या कोनाड्यात बसवलं होतं. आता रोज न चुकता दर्शन! मी कपाळाला हात लावला. कातडं घरात ठेवणं हाही गुन्हाच. मी ते काढायचो, नाना पुन्हा बसवायचे.

उंदरांना खाणारी मुंगसं गेली आणि पुढच्या उन्हाळ्यात बागेत उंदरांनी उच्छाद मांडला. ठिबकच्या नळ्या कुरतडून ठेवायचे. एका जागी पाण्याचं तळं, पुढची झाडं कोरडी. घड पोसण्याचे दिवस, त्यात असं ऊन. बायको आणि मी मागची नळी जोडली की पुढची फुटलेली असायची. केळीने माना टाकायला सुरुवात केली. आणि नाना रोज सकाळी सांगायचे, "मुंगूस दिखनं आज. चांगलं व्हई." काय बोलणार या माणसाला?

अशात एक दिवस तो मुंगसंवाला बांधावर येऊन उभा राहिला. मी त्याला कच्चा खाल्ला असता.

"आता काय राहिलंय इथं?"

"मुंगसे सरी गयात, भाऊ. गावंगाव फिरनू, एकबी सापडनं नही." हातात फासे नव्हते. गालफडं बसली होती. "तुमना बागमा उंदीर शेतस म्हने. ते माराले माले ठेवा ना."

माझ्या तोंडात चांगल्या चार शिव्या आल्या होत्या. तेवढ्यात बायकोने बागेतून हाक मारली, आणखी एक नळी फुटली होती.

"खालच्या पट्ट्यापासून सुरू कर," मी म्हणालो.