चादरींची मोळी
उसाचा ट्रॅक्टर शेजारून गेला, की पाचटाच्या वासानं मला सुंदराबाई आठवतात.

बीडला मानसोपचार वॉर्डात मी नवी नर्स होते. ऊसतोडीला जाणाऱ्या या बाई तीन आठवडे एक शब्द बोलल्या नव्हत्या. एका दुपारी त्या चादरीची पट्टी फाडून तिला पीळ देताना दिसल्या. गळफासाच्या भीतीनं मी धावले आणि पट्टी हिसकावून घेतली.

"मोळी बांधाय लागले, बाई," त्या म्हणाल्या.

मागे वॉर्डातल्या मळक्या चादरी नीट रचलेल्या होत्या. मी पट्टी परत दिली. त्यांनी तोडलेल्या उसाची आवळावी तशी मोळी आवळली, डोक्यावर घेतली आणि विचारलं, "कुटं टाकू?"

रजिस्टरमध्ये मी 'रुग्णाने चादर फाडली' एवढंच लिहिलं. आज लिहिलं असतं, सुंदराबाई कामावर आल्या.