ढगाचा रकाना

वागळे इस्टेटमधल्या एका इमारतीच्या गच्चीवर उभं राहून सूर्याकडे यंत्र धरायचं, हे माझं काम. यंत्र विटेएवढं. दुपारी दीडच्या सुमाराला उपग्रह वरून जायचा, त्याच वेळी मी खालून ओझोन मोजायचो आणि तिथल्या ऑफिसात हवेवर संशोधन करणाऱ्या मॅडम दोन्ही आकडे ताडून बघायच्या. मी नववीत शाळा सोडलेला, नांदेडकडचा. त्याच इमारतीत रंगकामाला आलेलो. मॅडमनी विचारलं, "घड्याळ बघून काम करशील का रे?" एवढ्यावर ठेवून घेतलं. कळव्याला खोलीवर जाताना घरी फोन केला, ऑफिसात लागलो म्हणून.

वहीत एक रकाना होता : ऊन की ढग. मॅडमनी समजावलेलं, "उपग्रहाकडे स्वतःचा दिवा नाही. सूर्याचा उजेड हवेत शिरतो, परत वर जातो, त्यातलं काय गळलं त्यावरून तो ओझोन काढतो. मध्ये ढग आला की खालचं त्याला दिसत नाही, अंदाज धरावा लागतो, आणि तशी खूण तो आकड्यापुढे करतो. आणि तुझ्या यंत्राला तर स्वच्छ ऊनच लागतं."

मी मान डोलावली. पण माझी आठ वर्षं साइटवरच्या हजेरीत गेलेली. पावसानं काम थांबलं तरी मुकादम खाडा मांडायचा, पाऊस जणू आपणच आणलेला. 'ढग' लिहिताना मला तो खाडाच दिसायचा. चार दिवस लागोपाठ लिहिलं तर मॅडमना वाटेल, हा फुकट बसतो. म्हणून पातळ ढगाआडून सूर्याची चकती दिसली तरी यंत्र धरायचो, येईल तो आकडा घ्यायचो आणि 'ऊन' लिहायचो.

आकडे जुळेनात. मॅडम कित्येक दिवस उपग्रहाच्या गणितात चूक शोधत होत्या. मी चहा नेऊन द्यायचो आणि गप्प राहायचो. शेवटी त्यांनी गच्चीवरच्या कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं. 'ऊन' लिहिलेल्या दिवशी मी यंत्र धरून उभा, आणि खाली माझी सावलीच नाही.

"ढग होता ना?"

"पातळ होता, मॅडम."

"मग लिहिलं का नाहीस?"

"काढून टाकाल म्हणून."

"अरे, ढग लिहिलेला दिवस मी नुसता बाजूला ठेवला असता!"

शेजारच्या टेबलावरचा एमएस्सी झालेला म्हणाला, "उपग्रह बरा यार, दिसलं नाही तर सांगतो तरी." सगळे हसले. मीपण हसलो.

चित्रण पंधरा दिवसांचंच होतं. आधीचा कुठला आकडा खरा, कुठला खोटा, कळायला मार्ग नव्हता. मॅडमनी अख्ख्या पावसाळ्याचे आकडे काढून टाकले. परिषदेत मांडायचं होतं, तेही राहिलं. मला मात्र काढलं नाही. ते उपकार मी विसरत नाही, विसरता आले असते तर बरं झालं असतं.

आता एमएस्सीवाला यंत्र धरतो, मी यंत्राची पेटी सांभाळतो. "ढग आला," मी सांगतो. तो मान वर करून स्वतः बघतो, मगच लिहितो.